तपासणीला जाताना डबा विसरू नका



बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा विदर्भातल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स होते. सात वर्षांच्या मुलाला घेऊन एक आई आली. गावच्या शिबिरात त्याची सिकलसेलची पहिली तपासणी पॉझिटिव्ह निघाली होती. पक्क्या तपासणीसाठी रक्त द्यायचे होते, पण त्या दिवशीची वेळ संपली होती. "ताई, उद्या कसं आणू याला?" तिने विचारले. रजिस्टरमधून मान वर न करता मी म्हणाले, "सकाळी उपाशीपोटी घेऊन या." सवयीने तोंडात बसलेले वाक्य होते ते.

दुसऱ्या दिवशी मायलेकरं पहाटेच्या एसटीने आली. मे महिना, बाहेर ऊन, आत लांब रांग. उपाशी म्हणजे पाणीसुद्धा नाही, असे त्या माउलीला वाटले होते. दुपारी एकच्या सुमारास पोराचे पाय ठणकू लागले, मग कंबर. रक्त दिले आणि तिथूनच त्याला भरती करावे लागले. चार दिवस सलाईन चालले. रिपोर्ट आला, एसएस, म्हणजे रुग्ण.

त्या तपासणीला उपाशी राहण्याची गरजच नव्हती. चूक माझी होती. आज विहारा-विहारांत आरोग्याच्या बैठका घेते, तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगते.

विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. यात कुणाच्या जातीचा किंवा कर्माचा दोष नाही. आईवडिलांकडून येणाऱ्या जनुकातला तो बदल आहे. या आजारात अंगातले पाणी कमी झाले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला विनाकारण उपाशी आणि तहानलेले ठेवणे हे नुसते हाल नव्हेत, धोका आहे.

कोणत्या तपासणीला काय?

सोल्युबिलिटी ही पहिली तपासणी. बोटातून थेंबभर रक्त घेतात, ते द्रावणात घालतात, गढूळ झाले तर पॉझिटिव्ह. पण माणूस वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करतात. या तिन्हींना पोट रिकामे लागत नाही. जेवून जा. मात्र गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर ते आधी सांगा, कारण निकाल चुकू शकतो.

एसएस असलेल्या 2 ते 16 वर्षांच्या मुलांसाठी डॉक्टर कधीकधी डोक्याची डॉप्लर तपासणी लिहून देतात. नाव ऐकूनच आया घाबरतात. यात सुई नाही, वेदना नाही. कानशिलाजवळ जेल लावून एक लहान यंत्र टेकवतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात. वेग फार वाढलेला असेल तर पुढे पक्षाघाताचा धोका असतो. तो आधी कळला तर उपचार करता येतात. या तपासणीत मूल जागे आणि शांत हवे. रडत्या मुलाचे माप चुकते. भुकेले मूल शांत कसे बसेल? म्हणून त्याला खाऊ घालूनच आत न्या.

उपाशीपोटी लागणाऱ्या तपासण्याही आहेत. पित्ताशयातले खडे पाहायला पोटाची सोनोग्राफी करतात, ती साधारण सहा ते आठ तास न खाता. सिकलसेलमध्ये असे खडे लहान वयातही होतात. उपाशीपोटीच्या साखरेला आठ ते दहा तास अन्न नको, पण साधे पाणी चालते. अशा वेळी सकाळचा पहिला नंबर मागा, पाणी किती वाजेपर्यंत प्यायचे ते विचारून घ्या, आणि तपासणी आटोपली की तिथेच डबा उघडा.

गरोदर भगिनींची 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी सरकारी केंद्रात उपाशी न राहताही करतात. ग्लुकोजचे पाणी प्यायल्यावर दोन तासांनी रक्त घेतात. ते दोन तास मात्र काही खायचे नाही. डबा त्यानंतर.

डब्यात काय?

जे घरात आहे तेच. दोन भाकरी किंवा पोळ्या, मेथीची किंवा चवळीची कोरडी भाजी, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी. झुणका असेल तर उत्तम. वेगळ्या पुडीत फुटाणे आणि गूळ, दोन केळी. रुग्णालयाबाहेर समोसा आणि चहात जेवढे पैसे जातात, तेवढ्यात घरच्या चार माणसांची भाजी होते. आधीच त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते.

उन्हाळ्यात रस्सा, ओला भात सकाळी भरून दुपारपर्यंत ठेवू नका, लवकर आंबतो. सिकलसेलच्या मुलांची प्लीहा नीट काम करत नाही, त्यांना जंतुसंसर्ग लवकर होतो आणि तो अंगावर बेततो. म्हणून डबा घासून वाळवलेला, हात साबणाने धुतलेले आणि पाणी उकळून गार केलेले.

पाण्याची बाटली डब्याइतकीच महत्त्वाची. मोठ्या माणसाने दिवसभरात दोन-तीन लिटर पाणी पोटात जाईल असे पाहावे. मुलाला थोड्या थोड्या वेळाने दोन घोट पाजत राहा. तपासणीची खोली थंडगार असते आणि थंडीनेही वेदना उठतात, म्हणून एक शालही पिशवीत टाका. फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर डॉक्टरांनी थांबवायला सांगितल्याशिवाय त्या दिवशीची गोळी चुकवू नका.

एक मात्र स्पष्ट सांगते. डब्याने सिकलसेल बरा होत नाही. बीट-खजूर खाऊन तो जात नाही आणि मनाने घेतलेली लोहाची टॉनिके काहींना अपायच करतात, विशेषतः ज्यांना वारंवार रक्त चढते त्यांना. डबा तपासणीला टिकून राहण्याचे बळ देतो. भुकेने कासावीस झालेली किती माणसे दुपारी रांग सोडून घरी गेलेली मी पाहिली आहेत! त्यांचा रिपोर्ट राहिला तो राहिलाच, आणि काहींचे लग्न तपासणीविना झाले. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. हे आधी कळणे त्यांचा हक्क होता.

म्हणून खिडकीवर धीटपणे विचारा: "ही तपासणी उपाशीपोटी आहे का? पाणी चालेल का?" उत्तर कागदावर लिहून मागा. विचारण्यात उपकार मागणे नाही. आणि माझ्या नर्स भगिनींनो, तुम्हीही मान वर करून उत्तर द्या.

आळवी नगरीतली कथा आपण विहारात ऐकतो. हरवलेला बैल शोधून दमलेला एक गरीब शेतकरी उशिरा, उपाशी आला. तथागतांनी त्याला आधी जेवू घातले, मग धम्म सांगितला. भुकेल्या माणसाच्या कानी काही पोहोचत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. तपासणीला येतो तेव्हा पिशवीत आईने दिलेला डबा असतो. मला दिसला की हसून दाखवतो, "ताई, जेवून आलो."

जय भीम, नमो बुद्धाय.