सालगड्याचे खाडे

गुढीपाडव्यास साल ठरतें, उचल दिली जाते, आणि मृगाची पेरणी उरकते न उरकते तोंच गडी उशिरा येतो, अगर येतच नाहीं, अशी तक्रार सुरू होते. यावर धन्याचा ठरीव उपाय म्हणजे खाडा धरून पैसे कापणें. कापलेली रक्कम उचलीच्या बाकींत चढते, बाकी फिटेनाशी होते, व गडी गांव सोडतो. त्या बाकीपोटीं त्यास अडकवून ठेवणें तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणें गुन्हा आहे.

इस्राएलांतील हैफा शहरीं मुलें सांभाळणाऱ्या दहा संस्थांपैकीं सहांत, मुलांस नेण्यास उशीर करणाऱ्या पालकांवर दंड बसविला. उशीर जवळजवळ दुपटीनें वाढला. दंड उठविल्यावरही तो कमी झाला नाहीं ! ग्नीझी व रुस्टिचिनी यांनीं हें २००० सालीं प्रसिद्ध केलें. पैसे भरले कीं ओशाळेपण संपतें. आमच्या कचेरींत तिसऱ्या उशिरास एक किरकोळ रजा कापीत. ज्याचा तिसरा उशीर होणार, तो घरींच राही. रजा जाणारच, मग भोगून तरी घ्यावी. मींही दोनदां तसें केलें आहे.

उलट, उदेपूर जिल्ह्यांत सेवा मंदिर संस्थेनें २००३ पासून कांहीं एकशिक्षकी शाळांत वेगळी रीत घातली. शाळा भरतांना व सुटतांना तारीख-वेळ उमटविणाऱ्या कॅमेऱ्यानें मास्तरांचें छायाचित्र विद्यार्थ्यानें घ्यावयाचें. महिन्यांत दहा दिवसांपर्यंत ५०० रुपये, व पुढील प्रत्येक दिवसास ५० रुपये. इतर शाळांत गैरहजेरी शेंकडा ४२ होती, ती येथें २१ वर आली. यांत हजेरीविषयीं वाद उरला नाहीं, आणि एक दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवसाचे ५० रुपये शिल्लक राहत, हें मला विशेष वाटतें.

म्हणून महिनाभर एकही खाडा नसल्यास बक्षीस, असें ठरवूं नये. दुसऱ्याच तारखेस खाडा पडला, तर उरलेले दिवस गड्यानें कशासाठीं धांवत यावें ? आठवड्याचा हिशेब धरावा व बाजाराच्या दिवशीं रक्कम रोख हातीं द्यावी. उचलींत वळती करूं नये. हजेरीवहींत रोज गड्याचीही सही अगर अंगठा घ्यावा. आजारपण व पोळ्यासारखे सण खाड्यांत धरूं नयेत, नाहींतर बक्षिसाच्या आशेनें तापांतही तो मोट-पंपावर उभा राहील. रक्कम किती, हें पाडव्यासच साल ठरवितांना कागदावर लिहावें. मागाहून मर्जीनें दिलेल्या बक्षिसावरून दोन गड्यांत भांडणें लागलेलीं मीं पाहिलीं आहेत.