गरम झऱ्याचं पाणी नाकात घ्यावं का?

बोरगाव मेघेहून मी बोलतोय आणि आजचा विषय आहे आपलं नाक. सारखं चोंदणारं, वाहणारं, आणि सोबत खवखवणारा घसा. नाकाचा हा त्रास सलग बारा आठवडे टिकला, की डॉक्टर त्याला क्रॉनिक म्हणतात.

तुमच्यापैकी एकाने विचारलंय, "दादा, इटलीत गरम झऱ्याच्या पाण्याची वाफ नाकातून देतात म्हणे. मग उनकेश्वरहून कॅन भरून आणू का?"

प्रश्न भारी आहे. आधी ते लोक काय करतात ते बघू. इटली आणि फ्रान्समध्ये गंधकाच्या झऱ्यांचं पाणी यंत्राने बारीक तुषार करून नाकातून ओढायला देतात. फ्रान्समध्ये असा उपचार १८ दिवस चालतो आणि त्याचा काही खर्च सरकारी विमा देतो.

यामागचा विचार साधा आहे. नाकाच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. ते शेंबूड सतत घशाकडे ढकलतात. सूज टिकली की शेंबूड घट्ट होतो आणि हे केस मंदावतात. कोमट, खारट तुषारांनी तो पातळ होतो. काही छोट्या अभ्यासांत लोकांना आराम पडलेला दिसतो, पण तेवढ्यावर "हा रामबाण" असं म्हणता येत नाही.

आता आपल्याकडे या. पैनगंगेकाठच्या उनकेश्वरला लोक त्वचारोगासाठी जातात. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, गणेशपुरीची कुंडं आहेत. पण उघड्या कुंडातलं पाणी आणि दवाखान्यात तपासलेलं पाणी, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खरा धोका नीट ऐका. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो, अगदी ४६ अंश सेल्सिअसपर्यंत. ते पाणी पोटात गेल्याने हा आजार होत नाही. नाकातून वर गेलं, तर अमीबा थेट मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्यातून वाचणारे फार थोडे. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबामुळे झालेल्या मेंदूज्वराने माणसं दगावली. म्हणून झऱ्याचं, विहिरीचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही. म्हणजे नाहीच.

मग करायचं काय? घरी वाफारा घेतो ना आपण? इंग्लंडमध्ये ८७१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. त्यात वाफेने डोकेदुखी थोडी कमी झाली, पण नाकाच्या त्रासात फरक पडला नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना मात्र थोडाफार फायदा झाला. म्हणजे आपली जलनेती!

कृती सोपी आहे. पाणी खळखळ उकळा, किमान एक मिनिट. झाकून कोमट होऊ द्या. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला. भांडं रोज धुऊन वाळवा.

आणि हे दिसलं तर घरगुती उपाय बंद: एकाच नाकपुडीतून रक्त, डोळ्याभोवती सूज, किंवा तीन आठवड्यांच्या वर बसलेला आवाज. खर्रा खाणाऱ्यांनी तर अजिबात थांबू नका. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय आहे. नाक-कान-घशाच्या ओपीडीत दाखवून या.

उनकेश्वरला जायचंच असेल तर खुशाल जा. फक्त कुंडात डोकं बुडवू नका, आणि ही गोष्ट सोबतच्या पोरांनाही सांगा.