भिंतीवरचा चरखा

सेवाग्रामच्या बापूकुटीत गेले की मी आधी भिंतीकडे बघते. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच उठवलेली झाडं, चरखा. रंग नाही, झगमगाट नाही. तरी नजर हटत नाही. का? डब्लिनमध्ये विद्यालय चालवणाऱ्या फ्रान्सिस हचिसनने १७२५ साली याचं उत्तर मांडलं: डोळ्याकानांसारखी सौंदर्याची जाण माणसात उपजतच असते, आणि चांगुलपणाचीही. विविधतेत एकसूत्रता दिसली की मन सुखावतं. कुणी निःस्वार्थपणे दुसऱ्याचं भलं करताना दिसलं तरीही. त्या भिंतीपुढे मला हे मनापासून पटतं. पुढे ग्लासगोत, ॲडम स्मिथसारख्या विद्यार्थ्यांपुढे, हचिसन लॅटिन सोडून त्यांच्याच भाषेत, इंग्रजीत, शिकवू लागला. सेवाग्रामजवळच, गांधीजींच्या पुढाकाराने भरलेल्या १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनेही मातृभाषेतूनच शिकवण्याचा आग्रह धरला, सोबत हाताला काम देऊन.