पियानोची खुंटी फार घट्ट झाली तर...

पियानोच्या जुन्या तारा काढून नव्या चढवल्या, की खुंट्या सैल राहू नयेत याची काळजी सर्वच घेतात. परंतु खुंटी गरजेपेक्षा घट्ट बसणे हाही तितकाच गंभीर दोष आहे आणि त्यावर घाईने केलेला उपाय वाद्य कायमचे निकामी करू शकतो.

पियानोच्या ८८ पट्ट्यांसाठी साधारणतः २२० ते २३० तारा असतात. एकेका तारेवर सरासरी ७० ते ८० किलोचा ताण असतो. प्रत्येक तार सुमारे ७ मिलिमीटर जाडीच्या पोलादी खुंटीला गुंडाळलेली असते. तंबोऱ्याची लाकडी खुंटी निमुळती असल्याने आत दाबून घट्ट करता येते. पियानोच्या खुंटीला ती सोय नाही. कठीण लाकडाचे थर चिकटवून केलेल्या फळीच्या, म्हणजेच पिनब्लॉकच्या छिद्रात ती केवळ घर्षणाच्या बळावर टिकून राहते.

वर्षानुवर्षांच्या वापराने ही छिद्रे झिजतात. म्हणून तारा बदलताना बहुधा एक माप जाड खुंटी घातली जाते. दोन मापांतील फरक असतो जेमतेम ०.१ मिलिमीटरचा! छिद्र फारसे झिजलेले नसताना अशी खुंटी ठोकली, तर लाकूड तिला आवळून धरते. किल्ली फिरवल्यावर तिचे वरचे टोक वळते. आतला भाग मात्र जागचा हलत नाही. किल्ली सोडताच पीळ उलगडतो आणि लावलेला स्वर ढळतो. कधी खुंटी 'कट्' असा आवाज करून एकदम पुढे सरकते. अधिक जोर लावल्यास खुंटी तुटण्याचा किंवा पिनब्लॉकला तडा जाण्याचा धोका असतो.

आपल्याकडे यात हवामानाचीही भर पडते. मिरा रोडचे सिल्व्हर पार्क घ्या. शहराच्या पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी. पावसाळ्यात लाकूड दमट हवा शोषून फुगते व खुंटीवरील पकड वाढते. कोरड्या दिवसांत तीच पकड सैलावते. त्यामुळे भर पावसाळ्यात छिद्र मोठे केल्यास हिवाळ्यात खुंटी तारेचा ताण पेलू शकणार नाही. हे काम कोरड्या ऋतूतच करणे श्रेयस्कर.

घट्टपणा हाताच्या अंदाजाने न ठरवता टॉर्क मोजणाऱ्या पान्याने मोजावा. नव्या खुंटीसाठी ८० ते १२० इंच-पौंड हे माप सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. त्याहून थोडी घट्ट खुंटी काही वेळा स्वर मिळवल्यानंतर आपोआप रुळते. फारच घट्ट असेल तर तार सैल करून खुंटी सावकाश मागे-पुढे फिरवावी. यंत्राने वेगात फिरवल्यास घर्षणाच्या उष्णतेने छिद्राची आतली बाजू करपते. एवढ्यानेही भागले नाही, तर खुंटी काढून छिद्र अचूक मापाच्या रीमरने हलकेच साफ करावे अथवा कमी जाडीची खुंटी घालावी. तेल मात्र कदापि सोडू नये. लाकडात मुरलेले तेल निघत नाही आणि पकड कायमची जाते. मग संपूर्ण पिनब्लॉक बदलावा लागतो. जुन्या पियानोच्या बाबतीत हा खर्च वाद्याच्या किमतीहूनही अधिक होऊ शकतो.

म्हणूनच सगळ्या खुंट्या बदलण्यापूर्वी खर्ज, मध्य आणि तार या तिन्ही भागांत दोन-दोन नव्या खुंट्या बसवून कारागिराकडून मापे घ्यावीत व मगच पुढील कामास संमती द्यावी.