न खटकणारा खटका

कुणी शूज जमवतं, कुणी घड्याळं, कुणी फ्रिजवर लावायची मॅग्नेट्स. 'हॉबी काय?' विचारलं की ही मंडळी बिनधास्त सांगून टाकतात. माझी गोची अशी, की मी चाकू जमवतो! घडीचे, उघडल्यावर लॉक होणारे, शिकारी चाकू. एरवी मी चिकलठाणा एमआयडीसीत टूल डिझाइन करणारा, कॅडसमोर मान मोडून बसणारा साधासुधा माणूस. पण स्थळाकडच्यांनी 'मुलाला आवड कशाची?' असं विचारलं, की माझी आई घाईघाईने सांगते, 'वाचनाची'.

तिचंही बरोबर आहे म्हणा. आपल्या डोक्यात घडीचा चाकू शिरला तो हिंदी सिनेमातून. 'वक्त'मधला (१९६५) राजकुमार आणि चाकूचा तो सीन आठवा. खट्ट आवाज झाला की समजायचं, आता राडा! या इमेजपायी बिचाऱ्या रामपूरच्या कारागिरांनीही बरंच भोगलंय. साडेचार इंचांपेक्षा लांब पात्याचे चाकू बनवायला उत्तर प्रदेश सरकारने १९९०च्या दशकात बंदी घातली आणि धंदा बसला. गंमत बघा, त्याच रामपूरने २०२३मध्ये चौकात तब्बल वीस फुटी चाकू उभा केला!

बोटं वाचवणारा खटका

मला विचाराल तर तो 'खट्ट' आवाज भीतीचा नाहीच, सेफ्टीचा आहे. साध्या घडीच्या चाकूत पातं फक्त स्प्रिंगच्या जोरावर उभं राहतं. उलट्या बाजूने दाब आला की ते मिटतं, थेट आपल्याच बोटांवर. लॉकबॅकमध्ये मुठीच्या पाठीत एक छोटी तरफ असते, मधे पिनवर टेकलेली, अगदी बागेतल्या सीसॉसारखी. पातं पूर्ण उघडलं की तरफेचा दात पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत जाऊन बसतो. मागचं टोक अंगठ्याने दाबल्याशिवाय हलायचं नाव नाही. बास, एवढाच फंडा!

या जातीतला सुपरस्टार म्हणजे अमेरिकेचा बक ११०. या घराण्याचा मूळपुरुष हॉइट बक १९०२च्या सुमारास कॅन्ससमध्ये लोहारकाम शिकत होता. त्याच्या मुलाच्या काळात, १९६४मध्ये, कंपनीने हा 'फोल्डिंग हंटर' आणला. पावणेचार इंची पातं, पितळेची टोकं, लाकडी मूठ, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. शिकाऱ्याला कमरेला लांबलचक सुरा लटकवायची गरज उरली नाही. चाकू इतका हिट झाला, की कॉपी करणाऱ्यांची रांग लागली आणि अमेरिकेत अशा कुठल्याही चाकूला लोक 'बक नाइफ' म्हणायला लागले. माझा माझ्या मामेभावाने आणलाय, अर्थात चेक-इन बॅगेतून. शेजारी बसलाय फ्रान्सचा ओपिनेल. हा १८९०पासूनचा शेतकऱ्याचा चाकू. याच्या मानेभोवती पोलादी रिंग असते, ती फिरवली की लॉक. ही रिंग आली १९५५मध्ये.

आणि आपला संबंध? आहे ना! शेफिल्ड, सोलिंगेनच्या जुन्या भारी चाकूंच्या मुठींना भारतातल्या सांबराचं शिंग असायचं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आपण त्याची निर्यात बंद केली. शिकार तर १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर इतिहासजमाच झाली. त्यामुळे माझ्या 'शिकारी' चाकूंनी आजवर फक्त पेरू, कैऱ्या आणि कुरिअरची खोकी मारलीत.

आईला मी एकदा पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेलं. तिथले नक्षीदार अडकित्ते ती कितीतरी वेळ बघत बसली. मग हळूच म्हणाली, 'हेही पातंच की रे.' त्यानंतर बक ११० स्वयंपाकघरात लिंबं चिरायला जाऊन आला. पण विळीची सर नाही, असा निकाल लागला!

हे शहर आपलं आहे

आता थोडं सिरियसली. मे २०१८मध्ये आपल्या शहरात दंगल झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी, चाकू पोलिसांनी कुरिअरमधून जप्त केले. तेव्हा मित्रांनी मला फोन करून विचारलं, 'तुझं काही नाही ना रे त्यात?' हसण्यावारी नेलं, पण त्या रात्री झोप लागली नाही. ज्या शहरात पार्सलमधल्या पात्याची भीती वाटावी असे दिवस आले होते, तिथे 'माझी हॉबी, माझी मर्जी' म्हणून भागत नाही. समोरच्याला भीती वाटणार नाही, ही जबाबदारी छंद करणाऱ्याची. तेव्हापासून माझा एक रूल आहे. संग्रह काचेच्या कपाटात, हॉलमध्ये, सगळ्यांना दिसेल असा. कपाटाला कुलूप. खिशात एकही नाही.

सुरुवात करताय?

• माप लक्षात ठेवा. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्याच्या नियमांत अडकू शकतं. घरकाम, शेतीची अवजारं वेगळी. घडीचा चाकू चार इंचांच्या आतच घ्या.

• महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७चा जमावबंदी-शस्त्रबंदी आदेश लागू असताना चाकू घेऊन बाहेर पडायचं नाही. एरवीही घरीच बरा.

• विमानात हँडबॅगेत नको.

• शिंग किंवा हस्तिदंताची मूठ कितीही देखणी असली, तरी घेऊ नका. लाकूड, पितळ झकास दिसतं.

• घेण्याआधी लॉक तपासा. पातं उघडून हलवून बघा. खुळखुळलं तर सोडून द्या.

• लेदरच्या म्यानात कायम ठेवू नका. चामडं ओल धरतं, पितळ हिरवं पडतं. कार्बन स्टीलवर लिंबू-कैरीचा रस राहू देऊ नका. पुसा, वर मशीन ऑइलचा एक थेंब.

• मिटताना बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला. खटका बोटं वाचवतो, पण तो दाबणारा अंगठा आपलाच असतो, बॉस!