हशाचे कारखाने (भाग ६) : खोटा हवालदार, खरा पाहुणा

सुगी आटोपली की जालना जिल्ह्यातल्या खेड्यांत बहुरूपी यायचे. अंगात खाकी, तोंडात शिट्टी, बगलेत वही. पारावर बसलेला एखादा भारदस्त गृहस्थ हेरायचा, त्याच्यापुढे उभं राहून वही उघडायची आणि करड्या आवाजात चौकशी सुरू करायची. नाव काय, घरात विचारून बसलात का इथं, सासऱ्याला रामराम घातला नाही अशी तक्रार आलीय, खरं का? पहिल्या दोन प्रश्नांना गृहस्थ सावरून बसत उत्तर देतो. तिसऱ्याला पोरं खिदळतात आणि त्याचा चेहरा उतरतो. मग सूपभर ज्वारी किंवा एखादी नोट देऊन सुटका!

प्रश्न विचारणारा खोटा, उत्तर देणारा खरा, आणि भोवतालच्यांना दोन्ही ठाऊक. पाहुण्याला अंधारात ठेवून घेतलेल्या मुलाखतींचा टीव्हीवरचा सगळा डोलारा याच तीन खांबांवर उभा आहे.

त्याचा सर्वांत तिखट नमुना ब्रिटनमधला. ख्रिस मॉरिसच्या ‘ब्रास आय’ या मालिकेने १९९७ मध्ये ‘केक’ नावाचं एक अमली द्रव्य जन्माला घातलं. ते अस्तित्वातच नव्हतं. तरी नामवंत मंडळी कॅमेऱ्यासमोर बसून त्याच्याविरुद्ध तळमळीने बोलली. केकमुळे मेंदूतलं वेळेचं भान कसं बिघडतं, हे एका लोकप्रिय सूत्रसंचालकाने गंभीरपणे समजावून सांगितलं. खासदार डेव्हिड अ‍ॅमेस यांनी तर मालिका दाखवली जाण्याआधीच संसदेत केकबद्दल प्रश्न विचारला होता, आणि सरकारने त्याला रीतसर उत्तरही दिलं होतं. हातात आलेला कागद वाचून दाखवण्यापूर्वी कुणीही एक फोन केला नाही, ही त्यातली खरी बातमी.

साशा बॅरन कोहेनने याच युक्तीचा पुढे धंदा केला. २००० साली ‘द अली जी शो’ आला. ढगळ कपड्यांतला एक अडाणी पोरगा मंत्री, प्राध्यापक, उद्योगपतींना भंपक प्रश्न विचारतो. डोनाल्ड ट्रम्पपुढे त्याने आइस्क्रीम ओघळून हात बरबटू नयेत म्हणून हातमोज्यांची योजना मांडली. ट्रम्प थोडक्यात आटोपून उठून गेले. २०१८ च्या ‘हू इज अमेरिका?’मध्ये कोहेन इस्रायली दहशतवादविरोधी तज्ज्ञ बनून आला. जॉर्जियाचे आमदार जेसन स्पेन्सर यांनी त्याच्या सांगण्यावरून कॅमेऱ्यासमोर पँट उतरवली, वंशद्वेषी शिव्या दिल्या आणि त्यापायी त्यांना राजीनामा द्यावा लागला. याच मालिकेत सापडलेले अलाबामाचे माजी मुख्य न्यायाधीश रॉय मूर यांनी ९.५ कोटी डॉलरचा दावा ठोकला, पण कोर्टात तो टिकला नाही. कारण मुलाखतीपूर्वीच्या संमतिपत्रावर त्यांची सही होती. वाचून केलेली असो वा न वाचता, सही ती सही.

आपल्याकडे ही तऱ्हा मुंबईतून आली. सायरस भरूचाच्या ‘एमटीव्ही बकरा’ने एक पिढी हसवली. पण इथे सावज आमदार नव्हतं. रस्त्यावरचा, दुकानातला, कामाच्या घाईत असलेला साधा माणूस होता. अली जी वर बघून दगड मारतो, बकरा समोर येईल त्याला. गंमत दोन्हीकडे आहे, उपरोध मात्र पहिल्याच ठिकाणी जास्त सापडतो.

मराठी वाहिन्यांनी तर पाहुण्याला कधी अंधारात ठेवलंच नाही म्हणा ना. २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’च्या थुकरटवाडीत सिनेमावाले आले ते जाहिरातीसाठी, स्वतःची खेचून घ्यायच्या तयारीने. यूट्यूबवरच्या ‘भाडिपा’च्या ‘कास्टिंग काउच’मध्ये अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी पाहुण्याचा यथेच्छ अपमान करतात. पहिल्याच भागात राधिका आपटे होती. पण अपमान लिहून घेतलेला आणि पाहुणा सामील. मजा येते, दचकायला होत नाही.

आणि जालन्यात नेत्याला उघडं पाडायला बहुरूपी लागतोच असंही नाही. मे २०१७ मध्ये भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे जालन्यात कार्यकर्त्यांशी बोलता बोलता तूर उत्पादकांबद्दल अपशब्द बोलून गेले. चित्रफीत राज्यभर फिरली, दिलगिरी व्यक्त करावी लागली. खोटा पत्रकार नव्हता, संमतिपत्र नव्हतं. समोर कॅमेरा आहे याचा विसर तेवढा पडला होता. मॉरिसला ज्यासाठी महिनोन्‌महिने खपावं लागलं, ते इथे फुकटात झालं.

बहुरूप्याच्या वाट्याला मात्र संमतिपत्र कधीच आलं नाही. सरकारी यादीत त्याची नोंद भटक्या जमातींमध्ये आहे. फसवण्याच्या इराद्याने सरकारी नोकराचा पोशाख घालणं हा जुन्या दंडसंहितेच्या कलम १७१ खाली गुन्हा होता, नव्या न्यायसंहितेतही आहे. खेळ संपताच सोंग उघड करून झोळी पुढे करणाऱ्याचा इरादा फसवण्याचा कसा म्हणायचा, हे समजून घ्यायला समोरचा पोलीस रसिक हवा. त्याहून मोठं भय गावाचंच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षुकीसाठी आलेल्या पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडचे. मोबाइलवरच्या अफवेने अनोळखी माणसाला गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. अशा वेळी खोटी खाकी घालून परक्या गावात शिरायला किती छाती लागत असेल! स्टुडिओतल्या विनोदवीराच्या पाठीशी निदान वकील असतो.

पुढच्या भागात : रेडिओवरचे फसवे फोन.