लोणारचा खार व त्याचें सूत्र

लोणार सरोवराचें पाणी उन्हाळ्यांत आटलें म्हणजे कांठीं खार धरतो. कांच व साबण करण्यास तो उपयोगी असल्याचा उल्लेख आईन-इ-अकबरींतही आहे. ह्या खारांत ट्रोना नांवाचें संयुक्त सांपडतें. शुद्ध ट्रोनाच्या १०० भागांत सोडियम कार्बोनेट ४६·९, सोडियम बायकार्बोनेट ३७·२ व पाणी १५·९ भाग भरतें. नुसत्या ह्या आंकड्यांवरून कांहींच उमगत नाहीं. त्यांस अनुक्रमें १०६, ८४ व १८ ह्या भारांकांनीं भागावें. ०·४४२, ०·४४३ व ०·८८३ असे भागाकार येतात, म्हणजे प्रमाण १ : १ : २. हेंच त्याचें साधें सूत्र होय.

खरी अडचण तराजूपूर्वींच येते. खार ओला राहिल्यास पाण्याचा आंकडा फुगतो. तो घालविण्यासाठीं विस्तवावर धरावा, तर बायकार्बोनेटच फुटून जातें! म्हणून साध्या हवेंतच सुकवावा.

स्फटिकांत सुटे रेणु नसल्यानें येथें काम संपलें. शिरक्यांतील ॲसेटिक अम्ल व द्राक्षशर्करा ह्यांचें मात्र तसें नाहीं. दोहोंत कार्बन ४०, हायड्रोजन ६·७ व ऑक्सिजन ५३·३ टक्के. म्हणून परमाणूंचें प्रमाण एकच, १ : २ : १, व त्याचा भार ३०. आंबट कोणतें व गोड कोणतें, हें टक्केवारी सांगत नाहीं. रेणुभार काढला असतां अम्लाचा ६० व शर्करेचा १८० भरतो; तेव्हां साधें सूत्र पहिल्यांत दुप्पट व दुसऱ्यांत सहापट घ्यावें लागतें.